भोंगा घेऊन जाय, भाऊ

शेंदूरजनाघाट,
शुक्रवार, दुपार

चिरंजीव पुंजाराम,

तुह्या मोठ्या बहिणीचा, भागीरथाचा, एका हाताचा आशीर्वाद घे (दुसऱ्या हातात संत्रं हाये). अकोल्यात सारे खुशाल ना? तुहा गुडघा काय म्हणते? पौर्णिमाले सांगजो, तिच्या कुरड्या पोचल्या अन् सरल्याही. मी बरी हाये. तुहे भाटवेही, म्हणजे आमचे हे, बरे हायेत, फक्त कानानं गेले. आमच्या पोरानं, कुलदीपनं, अमरावतीहून कानाचं मशीन आणून देल्लं, थे मंजनाच्या डबीत पडून हाये. म्हणतात, त्यातून भांडे ऐकू येतात, माणूस ऐकू येत नाई.

फोन काहून नाई केला म्हणशील. तीन वर्षं या माणसाशी वरडून वरडून माहा आवाज असा झाला, की फोनवर बोलली तर अर्ध्या गल्लीले घरचं समजते. म्हणून चिठ्ठी.

तर तू विचारलं, अमरावतीचा थो जुन्या वस्तूंचा शौकीन डॉक्टर भोंगा अन् काचेच्या व्हॉल्वचं आवाजाचं मशीन, दोन्ही मांगून राहिला, देऊ का? अरे, विचारतो काय बाप्पा, आजच घेऊन जाय! दसऱ्याले तू थे जुनं मशीन दुरुस्त करून आणलं अन् गोठ्याच्या माळ्यावरचा भोंगा काढून बैठकीत बसवला, तवापासून माह्या घरात पाहुण्यांले बसाले जागा नाई. भोंग्याचं तोंड दिवाणाकडं. येणारा माणूस चहा पिता पिता त्यात वाकून पाहते, जसं काही आत कोणी बसलं हाये. मशीन तापते म्हणून मांजर त्याच्या बाजूले झोपते. अन् ताकद किती, तर अडीच वॅट! पोट्ट्यांच्या लग्नात हजार हजार वॅटचे डबे येतात, भिंती हालतात. मी म्हणलं, अडीच वॅटमंधी मच्छरही ऐकू येणार नाई.

इथंच माहं चुकलं. मांगच्या सोमवारी सकाळी तुह्या भाटव्यांनी भोंग्याचं तोंड रस्त्याच्या खिडकीकडं फिरवलं (हवा लागली पाहिजे म्हणे) अन् माईकमंधी हळूच, अगदी हळूच, "हॅलो, हॅलो, सूचना" म्हणलं. जत्रा-जत्रांत सूचना देयाची जुनी सवय. झालं! दर पाचव्या दिवशी नळ येते आमच्याकडं. सूचना म्हणजे पाणी, असं समजून आख्खी गल्ली हंडे-गुंड घेऊन नळावर. गंगूबाई तर डोक्याले साबण तसाच ठेवून आली. नळ कोरडा. मंग सारा मोर्चा आमच्या दारात. भाटवे हसून राहिले, कारण त्यांले शिव्या ऐकूच येत नव्हत्या; त्या साऱ्या मीच ऐकल्या.

तुले आठवते का रे बहिरमची जत्रा? तू एवढासा, माह्या बोटाले धरून रेवड्या खाऊन राहिला होता. आमी बांगड्यांच्या दुकानापाशी उभे, हरवलो बिरवलो नव्हतोच. अन् एकदम वरून आवाज आला, "भागीरथा, तुहे बाबा इथं मंडपात रडून राहिले, त्यांले घेऊन जा." सारी जत्रा हसली. पण काय आवाज होता, बापा! वरडणं नाई, कर्कशपणा नाई, कानाशी बसून बोलल्यासारखा. मंडपात गेली तं एक बारकासा माणूस, हाच भोंगा अन् हेच मशीन घेऊन बसला होता. मले म्हणे, बोलणाऱ्यानं वरडायचं नसते, थे काम भोंग्याचं. बाबांनी तिथंच त्याचं गाव-गोत विचारलं. त्या आवाजावरच भाळली मी, आता लपवाचं काय त्यात! आता तोच माणूस अन् मी दिवसभर एकमेकांवर खेकसत असतो. वरडून "जेवा" म्हणता येते, "गोळी घ्या" म्हणता येते. पण काही गोष्टी वरडून बोलताच येत नाईत रे. त्या मंग राहूनच जातात.

असो. डॉक्टरले लवकर धाड. बैठक मोकळी झाली की मी सुटली.

तुही ताई,
भागीरथा

ता.क. डॉक्टरले धाडू नको. त्या सोमवारी गल्ली परत गेल्यावर मी भोंग्याचं तोंड परत आत फिरवलं, रागानं माईक उचलला अन् हळू आवाजात (बाहेर गंगूबाई होतीच) म्हणलं, "झालं समाधान?" भाटवे भोंग्यापुढं पाठ करून बसले होते. वळले नाईत, "काय?" म्हणले नाईत. तसेच म्हणले, "झालं. चहा ठेव." तीन वर्षांत पहिल्यांदा, भाऊ! मी चहा ठेवला. डॉक्टरले सांग, मशीन जळलं.

ता.क. दुसरा. येशील तवा एक व्हॉल्व जास्तीचा आणजो, अन् माईकची लांब वायर. चुलीपर्यंत पुरली पाहिजे. चिठ्ठी खरी याच्यासाठीच लिहाले बसली होती, मधातच राग आला.

ता.क. तिसरा. हे पौर्णिमाले वाचून दाखवू नको. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाई. वरडून कसं घेणार? काल खिडक्या लावल्या, गंगूबाई बाजारात गेली हे पाहून घेतलं, अन् माईकमंधी हळूच म्हणलं, "शालिकराम." कान लाल झाले त्यांचे, म्हणजे चांगलं ऐकू गेलतं. तरी माणूस माह्याकडं पाहून म्हणते, "काय?"

मंग पुन्हा घेतलं.