मळ्यातल्या पोथीची समाप्ती

कारंजा (लाड),
मंगळवार, ता. ५ जानेवारी १९३७

तीर्थस्वरूप रंगरावदाजींच्या पायांवर मेहुणा इंद्रभान याचे डोके. आपला गुडघा, ताईचा खोकला आणि तांबडी गाय या तिघांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. (गेल्या पत्रात गायीची चौकशी आधी केली म्हणून ताई रागावली होती. या खेपेस क्रम सुधारला आहे.) इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत, न्याय मात्र कालपर्यंत उरलेला नव्हता. भर श्रावणात, दिवसाढवळ्या, शाळेच्या ग्रंथालयातून माझी वीट चोरीस गेली आणि पाच महिने तिचा तपास लागला नाही.

विटेचं काय एवढं, असं आपण मूर्तिजापुरात बसून म्हणाल. आपल्या खुर्चीला चार पाय आहेत. ग्रंथालयाच्या एकुलत्या एका खुर्चीला तीन पाय आणि एक वीट होती, आणि भूगोलाचे पाच तास उभ्याने शिकवून झाल्यावर त्या विटेच्या जिवावर मी अर्धा तास बसत असे. या अर्ध्या तासालाच आमच्याकडे ग्रंथालय म्हणतात. कपाटं दोन, पुस्तकं तीनशे बारा आणि वाचक साधारण सात. पैकी तीन मास्तर वर्तमानपत्रातले कापसाचे भाव बघून निघून जातात, आणि उरलेले चार जण सावलीला येतात. वीट गेल्यावर मी हेडमास्तरांना अर्ज केला. त्यांनी त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारून तो मलाच परत दिला. तेव्हा समोरच्या ढिगातलं जाडीला बरोबर बसेल असं एक पुस्तक खुर्चीखाली सरकवून मी कामाला लागलो. हे पुस्तक आपण ध्यानात ठेवावं. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

पुस्तकं ढिगात काहून होती, असं ताई विचारील. उन्हाळ्यात मी तीनशे बाराच्या तीनशे बारा पुस्तकांना लाल खारव्याची कव्हरं शिवून घेतली होती. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना घालतात तेच कापड, स्वस्त आणि मजबूत. दिसायलाही असं देखणं की कपाट उघडलं म्हणजे देवळात आल्यासारखं वाटावं. एकच बारीकशी गोष्ट राहून गेली. पाठीवर नावं घालायची शाई शाळेने दिली नाही, त्यामुळे कोणतं पुस्तक कोणतं हे उघडल्याशिवाय देवालाही कळत नसे, आणि बरीच पुस्तकं कपाटात लागायची राहून ढिगातच होती. वीट गेली त्याच दिवशी माझा मित्र जानराव माळी शाळेत आला. (गावाबाहेर त्याचा वांगी-मिरचीचा मळा आहे. गेल्या दिवाळीत आपण ज्या वांग्यांची तारीफ करत तीन वेळा भाजी घेतलीत, ती त्याची.) त्याच्या वांग्यांवर कीड पडली होती म्हणून त्याला 'वांगी व मिरची : लागवड आणि रोग' हे पुस्तक हवं होतं. मी विटेच्या शोकात होतो. ढिगातलं एक लाल पुस्तक त्याच्या हाती दिलं, रजिस्टरात 'वांगी व मिरची' असं झोकदार अक्षरात लिहिलं आणि विसरून गेलो.

मार्गशीर्षात हुकूम आला की चार जानेवारीला इन्स्पेक्टरसाहेब ग्रंथालयाची मोजदाद करणार. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की एक जरी पुस्तक कमी भरलं तरी ग्रंथालयाची किल्ली ड्रिलमास्तर दौलतसिंगांकडे जाईल. दौलतसिंग माझा जिवलग मित्र आहे. दर रविवारी आम्ही बरोबर जेवतो, बरोबर डुलक्या घेतो. पण या माणसाला लेझीम आणि डंबेल्स ठेवायला खोली हवी होती, आणि गेली तीन वर्षं तो माझ्या खोलीकडे, उपाशी माणूस ताटाकडे बघतो तसा, बघत होता. मी मोजणी केली. रजिस्टरात जानरावाच्या नावावर असलेलं पुस्तक धरून सगळं आलं, 'तारकागडची बंदिवान राणी' तेवढी आली नाही.

होय दाजी, तीच कादंबरी. आपल्या घरी भाच्याच्या बारशात जिची प्रत नाहीशी झाली आणि जिच्यापायी आपण सख्ख्या चुलतभावाशी, बापूरावांशी, अठरा वर्षं बोलत नाही, तीच. पण तो विषय वेगळा.

पंधरा दिवस मी माणूस उरलो नाही. ड्रॉइंगमास्तरांच्या पेटीत हात घातला, मुलांची दप्तरं उलटी केली. (त्यांत चिंचा, भोवरे आणि एक जिवंत सरडा मिळाला.) नशिबाला दोष देत शनिवारी संध्याकाळी भाजीबाजारात गेलो, तर जानराव पालखाच्या जुड्यांमागून ओरडला, "मास्तर, तुमची पोथी लय गोड निंगाली बाप्पा! उद्या समाप्ती हाये, रोडग्याले या." मी म्हटलं, कसली पोथी? तर म्हणे, तुमीच तर देली होती, लाल कपड्यातली, श्रावणात. वांग्याचं म्हनून नेली अन् आमच्या बुढीनं हातातून घेतली.

दाजी, बाजारात उभ्या उभ्या माझ्या पायांखालची जमीन आधी गेली आणि मग दुप्पट वेगानं परत आली. राणी सापडली होती!

रविवारी सकाळी दौलतसिंगाला घेऊन मळ्यात गेलो. गोवऱ्या पेटल्या होत्या, कणकेचे गोळे थापून तयार होते, वांग्याच्या भाजीचा वास विहिरीपर्यंत येत होता आणि पारावर चौदा बाया ओळीनं बसल्या होत्या. मध्ये चौरंगावर ग्रंथालयाची कादंबरी, हळदकुंकू लागलेली, वर झेंडूचं फूल. जानरावाच्या आईचं, गिरजाबाईंचं, ठाणं शेजारीच. वाचणारी त्यांची सून विजयमाला. ती मराठी चौथी शिकलेली, तेव्हा हे काय आहे ते तिला पहिल्याच पानावर कळलं होतं. पण सासूनं कुंकू लावल्यावर सुनेनं काय बोलावं? तिनं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आपल्या पदरचं 'इति श्री' घातलं आणि श्रावणापासून रोज दोन पानं वाचत राहिली. मध्ये कपाशीच्या वेचणीत महिनाभर खाडा झाला, म्हणून समाप्ती पौषाच्या तोंडावर आली. दुष्ट प्रधानाचं नाव निघालं की चौदा बाया बोटं मोडत. राणी खिडकीतून खंदकात उडी घेते ते प्रकरण लोकाग्रहास्तव चार वेळा झालं होतं. मी तीन वर्षं ज्या वाचकाची वाट बघत कपाट पुसतो आहे तो इथं, वांग्यांच्या वाफ्यांत, मांडी घालून बसला होता! मला इतका आनंद झाला की काही क्षण मी इन्स्पेक्टरलाही विसरलो.

मग विजयमालेनं हळूच मला पुस्तकाचा शेवट दाखवला. राणी तळघरात, गळ्यापर्यंत पाणी, वर प्रधान हसतो आहे, आणि पुढे काही नाही. शेवटची वीस पानं वाळवीनं खाल्लेली. (कपाट पुसणं आणि पुस्तक उघडून बघणं ही दोन वेगळी कामं आहेत.) मी म्हटलं, आता संपलंच आहे, तर पुस्तक घेऊन जातो. गिरजाबाई म्हणाल्या, "अर्धी पोथी देव्हाऱ्यातून हालत नसते, मास्तर. राणीले पान्यात ठिवून आमी रोडगे खाऊ काय?"

तेव्हा मी सांगितलं की शेवट मला तोंडपाठ आहे, आणि घसा साफ करून सुरुवात केली. राजपुत्र आपल्या पांढऱ्या घोड्यावरून वाऱ्यासारखा आला, असं म्हणतो न म्हणतो तोच तिसऱ्या ओळीतून आवाज आला, "तो घोडा त मेला ना कार्तिकात, नदीत? आमी रडलो ना त्याच्यासाठी!" मी दुसरा घोडा आणला. तो राजपुत्राला कुठे मिळाला, दाणागोटा कोणी दिला, सगळी उलटतपासणी झाली. मग मी प्रधानाला पश्चात्ताप करायला लावला, तेव्हा तर सभाच उठायला निघाली. गिरजाबाईंनी निकाल दिला, "मास्तर मनचं सांगून राह्यले. छापेल आना." दौलतसिंग रोडग्यांकडे बघत म्हणाला की तुझ्यामुळे सगळे उपाशी मरतील.

आता दाजी, योगायोगाने याच कादंबरीची आणखी एक प्रत गावात एका ठिकाणी होती. (ती कोणाची, कुठे आणि कधीपासून हा प्रश्न इथे गौण आहे.) जानरावानं रेंगी जुंपली, बैल असे पिटाळले की माझी टोपी वाटेतल्या बाभळीला राहिली. मी घरात शिरून एक जुनी पेटी उघडली. माझी बायको सीता दळण टाकून दारात येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "काढली का शेवटी?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

समाप्ती मी वाचली. विजयमालेला सुट्टी दिली, तिनंही पहिल्यांदाच पदर सावरून ऐकायला बसून घेतलं. तळघराची भिंत कोणी फोडली ते लिहीत नाही. (कारण पुढे कळेल.) पण राणी वर आली तेव्हा चौदा बायांनी जो श्वास सोडला त्यानं गोवऱ्यांचा विस्तव फुलला, आणि दौलतसिंग, सहा फुटांचा दौलतसिंग, डोळ्यांत धूर गेला असं सांगत विहिरीकडे गेला. मग तुपात बुडवलेले रोडगे, वरण, वांगी. मी सात खाल्ले. जेवताना मी गिरजाबाईंजवळ बसून हळूच कबुली द्यायला लागलो की आजी, ही काही खरी पोथी नव्हे. त्यांनी माझ्या पानात आठवा टाकला. म्हणाल्या, "मले समजत नाही काय? पोथीतली कोनती बाई अशी खिडकीतून उडी मारते? पन कहानी म्हटली त घडीघडीले हाक येते, चहा कर, ढोराले पानी दाखव. पोथी म्हटलं का एक घंटा कोनी आवाज देत नाही." मी आठवाही खाल्ला.

काल साहेब आले. खुर्ची एकच, ती त्यांना दिली. दौलतसिंग पुस्तकं मोजत होता, मी रजिस्टर धरून होतो. राणी हजर! पण जानरावाच्या नावावरची खोटी नोंद खोडल्यावर 'वांगी व मिरची' कपाटात हवं, ते काही येईना. दोनदा मोजलं, तीनशे अकरा. हेडमास्तरांनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि दौलतसिंगाच्या चेहऱ्यावर लेझीम वाजू लागली. तेवढ्यात साहेबांनी खाली वाकून, खुर्चीखाली हे लाल काय आहे, म्हणत ते ओढलं. खुर्ची कलली, साहेब कलले. ड्रिलमास्तर शाळेत कशासाठी ठेवतात हे मला काल समजलं. दौलतसिंगानं एका हातानं साहेब झेलले आणि दुसऱ्या हातानं खुर्ची. पुस्तक साहेबांच्या हातातच राहिलं. त्यांनी ते उघडलं. त्यांच्या बंगल्यामागे म्हणे वांगी लावली आहेत आणि त्यांवर कीड आहे. ते उभ्यानं दहा मिनिटं वाचत राहिले, मग रजिस्टर मागून आपल्या हातानं सही करून पुस्तक घरी घेऊन गेले. तीनशे बारा पूर्ण! शेरा असा : 'ग्रंथालय उपयोगात असल्याचे दिसले. खुर्चीस चौथा पाय तात्काळ बसवावा.' किल्ली माझ्या कमरेला आहे. साहेब गेल्यावर दौलतसिंगानं मान खाली घालून आपल्या खोलीतून माझी वीट आणून दिली. तो रोज सकाळी ती डाव्या हातानं उचलत असे. मी त्याला ती बक्षीस दिली.

आणि बातमी तर पुढेच आहे. येत्या शनिवारपासून जानरावाची रिकामी टोपली परत जाताना तिच्यात एक लाल पुस्तक जाणार. शेजारच्या दोन मळ्यांतून मागणी आली आहे. विजयमालेनं यादी केली आहे, आणि पहिली अट अशी की शेवट तपासून द्यावा. (बिचाऱ्या जानरावाच्या वांग्यांना मात्र अजून पुस्तक मिळालेलं नाही.) पत्र लांबलं, पण पंधरा वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच लिहायला काही मिळालं आहे. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
इंद्रभान

ता. क. एक मागणं आहे. नऊ दिवसांनी संक्रांत आहे. पहिला तिळगूळ बापूरावांच्या घरी पाठवावा, आणि जमल्यास स्वतः घेऊन जावा. कारण विचारू नये. बारशाच्या दिवशी ते आपल्या पुस्तकांच्या पेटीजवळ उभे होते हे खरं. पण त्यांच्या मागे कोण उभं होतं हे आपण कधी पाहिलंच नाहीत. तो तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि राणी तळघरात होती.

ता. क. दुसरे. उद्या सकाळच्या छोट्या गाडीनं गार्डाबरोबर एक लाल पुडकं येईल, ते स्टेशनवरून सोडवून घ्यावं. कव्हर नवं आहे, बाकी सगळं जुनं. पहिल्या पानावरचं आपलं नाव मी कधी खोडलं नाही. शेवटच्या पानावर हळदकुंकवाचे डाग आहेत, ते गिरजाबाईंचे. ते पुसू नयेत.