विहीणबाईंचं डच

ट्रॉय, ३ मे २०२५

ती. वसुधाताईस,
सा. न. वि. वि.

इलाचा साखरपुडा सात जूनला आमच्याच घरी ठरला. होणाऱ्या विहीणबाई, हेनी, नेदरलँड्सहून येतील. पाच वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. इंग्रजी फर्डं बोलतात, पण व्हिडिओ कॉलवर त्या आणि होणारा जावई, दोघं मायलेक मध्येच डचमध्ये शिरतात आणि माझ्याकडे बघून हसतात. म्हणून मी डच शिकतोय.

भाषा आपल्यासारखीच. तू-तुम्ही आहे, गौणवाक्यात क्रियापद शेवटी. घोळ फक्त लिंगांचा. मुलगी चक्क नपुंसकलिंगी! नियम विचारला तर पाठ करा म्हणतात. फोनवरचं ॲप रोज शाबासकी देतं. घरात ती कोणी देत नाही. शोभना म्हणते, अहो, इंग्रजीत बोला ना.

तुझा लोभ आहेच, तो टिकव.
संजय

फ्रीमाँट, ११ मे २०२५

चि. संजयास,
भरभरून आशीर्वाद.

मुलगी नपुंसकलिंगी म्हणून हसतोस? आपणही ‘ते पोर’ म्हणतोच की. आणि तुझी इला मला फोनवर ‘आत्या, तू कसा आहेस’ विचारते, तेव्हा नाही तुला व्याकरण आठवत!

क्रियापद शेवटी येतं म्हणे. मग तू ही भाषा ऐकणार कशी? शोभनाचं एक वाक्य तरी शेवटपर्यंत ऐकलं आहेस का? पाहुणीला पोळी वाढ आणि गप्प बस. माणसं हसतात ती दर वेळी आपल्यालाच हसत नाहीत.

बोलले ते मायेपोटी, तसंच घे.
ताई

ट्रॉय, ९ जून २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं गप्प बसायला हवं होतं.

शनिवारी साठ माणसं घरात आणि एसी बंद. शेरवानीत मी घामाघूम. हेनीबाईंना म्हणावं, मला उकडतंय. इंग्रजी वाक्य मनात धरलं, शब्दाला शब्द बदलला आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, ‘इक बेन हेट.’ त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने पुन्हा म्हणालो. जावयाच्या नाकात मठ्ठा गेला.

त्याने बाजूला घेऊन समजावलं. डचमध्ये उकाडा माणसाकडे ‘असतो’. माणूस स्वतःच गरम आहे म्हटलं, की तो भलताच प्रस्ताव होतो.

मी गॅरेजमध्ये तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसलो. इलाच्या साखरपुड्यात बापाने हे करावं! थोड्या वेळाने हेनीबाई पन्ह्याचे दोन पेले घेऊन आल्या. म्हणाल्या, कॉलवर लेक त्यांना इलाकडून शिकलेलं मराठी शिकवत होता, आणि ‘व्याही’ म्हणताना जीभ अडखळली की दोघं हसायची. मग स्वच्छ मराठीत म्हणाल्या, मलाही उकडतंय. आणि जाता जाता, इंग्रजीत, की यजमान गेल्यापासून माझं ते डच वाक्य त्यांना कोणी चुकूनसुद्धा म्हटलं नव्हतं. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईतो हसलो.

हे सगळं शोभनाला जसंच्या तसं सांगितलं. आज सकाळी तिने तेच डचचं ॲप स्वतःच्या फोनवर घेतलंय. कारण विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

तुझ्या आशीर्वादाची सध्या फार गरज आहे.
संजय