रविवारच्या वर्गाचे निमित्त

चि. गीतांजली हिस अनेक आशीर्वाद.

'पुण्याला कायमचे राहायला या' असे तू वर्षभर म्हणते आहेस आणि दर्यापुरातल्या रविवारच्या वर्गाची मुले माझ्यावाचून अडतील, असे उत्तर मी देत आलो आहे. निवृत्त शिक्षकांनी दहावीच्या मुलांना विनामूल्य शिकवावे, पुढचा मार्ग दाखवावा, एवढाच तो उपक्रम. आता माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी वर्ग सोडण्याचा विचार बोलून दाखवला. कुणीतरी थांबवील, अशी अपेक्षा होती. भाजी विकणाऱ्या जयवंताबाई मुलाला न्यायला आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "जा न सर, खुशाल जा! नगमा मस्त शिकवते पोराईले. तुमी तं लयच खेकसता!"

मुले हसली. नगमा ही माझीच जुनी विद्यार्थिनी. आता महाविद्यालयात शिकते आणि स्वयंसेविका म्हणून येते. ती घाईने म्हणाली, "काई बी काय, मावशी! सर, तुमी बसत जा फक्त. शिकवाचं मी पाहीन."

मग मी बसून तिचा वर्ग ऐकला. मुले तिला निर्धास्तपणे शंका विचारत होती. मला तसे कुणी कधी विचारले नाही.

तेव्हा मुले अडणार नाहीत. मला मात्र पुण्याला यायचे नाही. तुझ्या घरी काहीही उणे नाही, हे जाणूनही यायचे नाही, आणि याहून सबळ कारण माझ्यापाशी नाही. हे वाचून तू दुखावशील. उद्या तुझा फोन आला की, मुले अडतील, असेच मी पुन्हा सांगेन. म्हणून हे पत्र पाठवत नाही.

तुझे,
थकलेले बाबा