दुसऱ्याला वाचता येऊ नये असं काम

अप्पा,

अव्वाचं ऑपरेशन परवा झालं. गर्भपिशवी काढली. आता बरी आहे. सकाळी पेज प्याली, शेजारच्या कॉटवरच्या बाईशी कन्नडमध्ये भरपूर बोलून घेतलं आणि दमून झोपली. मी बाहेर बाकावर बसलोय. दवाखाना जुळे सोलापुरात आहे, तुम्ही होता तेव्हा ह्या बाजूला एवढ्या इमारती नव्हत्या. दाखल करताना डॉक्टरीणबाईंनी जुने कागद बघितले आणि मला विचारलं, "आईचं ऑपरेशन आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की. एवढे दिवस कुठं होता तुम्ही?" सुट्टी मिळत नव्हती म्हणालो. ते खोटं नव्हतं. पण सुट्टी का मिळत नव्हती ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगतो. तुम्हाला लगेच कळेल.

माझं काम तुम्ही बघितलंच नाही. मी गुरगावला एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. लोक घरी बसून माल मागवतात. तो कुठल्या गोदामातनं निघायचा आणि परत आला तर कुठं जायचा, हे माझा प्रोग्रॅम ठरवतो. दहावी नापास माणूस तिथं कसा शिरला ही मोठी गोष्ट आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो, पुण्यात एकाच्या हाताखाली राबलो, मग कंपनी अगदी छोटी असताना तिथं चिकटलो. आता ती मोठी झालीय. आजूबाजूला सगळे इंजिनियर. जेवताना कोण कुठल्या कॉलेजचा हे निघतंच, आणि ते निघालं की मी डबा धुवायला उठतो.

तिथं टिकलो तो तुमच्यामुळं, अप्पा. हे कौतुक नाही, आणि अगदी तक्रारही नाही.

तुमचं टेबल अजून डोळ्यासमोर आहे. युनिफॉर्मच्या कारखान्यातलं ते लांब टेबल, त्यावर कापडाचे थर, वरच्या थरावर पुठ्ठ्याचा फर्मा, आणि खडूची एक दणदणीत रेघ. तुम्ही कटिंग मास्टर आणि मी पलीकडं काज करायच्या मशीनवर. तुमच्या फर्म्यावर कधी काही लिहिलेलं नसायचं. कुठल्या शाळेचा, कुठल्या मापाचा, काही नाही. कोपऱ्यात एखादी कातरीची खाच, कुठं दोन भोकं. आणि खरी गोम वेगळीच होती. तुम्ही फर्म्यात शिलाईची मार्जिन धरायचाच नाही. बाहीला किती सोडायचं, कॉलरला किती, ते प्रत्येक फर्म्याला वेगळं, आणि ते सगळं तुमच्या डोक्यात. एक वर्ष तुम्हाला कावीळ झाली, आठवतंय? ऐन हंगामात. मालकानं दुसरा मास्टर आणला, त्यानं तुमच्या फर्म्यावरनं सरळ कापून टाकलं. अख्खा ढीग शर्टाचा पोरांच्या काखेत घट्ट बसला. मग मालकाची रिक्षा घरी आली. तुम्हाला पिवळ्या डोळ्यांनी, शाल गुंडाळून टेबलाजवळ खुर्चीत बसवलं, आणि तुम्ही बोटानं दाखवत गेला: हितं दोन, हितं अडीच. घरी येताना रिक्षात मला म्हणाला, "बघितलास का? आपल्याबिगर पान हलत न्हाय तितं." मला लई भारी वाटलं होतं. बाप आजारी आहे हे मी त्या दिवशी विसरूनच गेलो होतो.

त्याच वर्षी कारखान्यात कॉम्प्युटर आला. कुणाला वापरता येईना, मी काज सोडून त्याच्यापुढं बसायला लागलो. शाळेचं नाव आणि पोरांची मापं टाकली की किती कापड लागेल ते दाखवणारा तक्ता मी बनवला. माझं पहिलं काम. खुशीत मालकाच्या कारकुनाला शेजारी बसवून तो कसा चालतो ते सगळं दाखवलं. संध्याकाळी चुलीपुढं जेवायला बसलो तेव्हा ते तुमच्या कानावर आलेलं होतं. तुम्ही भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

"दावलास त्याला?"

"व्हय. त्यानं विचारलं, सांगितलं."

"सगळं?"

"सगळंच की."

"येडं हाय बग तुझं पोरगं," तुम्ही अव्वाला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "त्यो बी.कॉम. हाय. त्याला कुटंबी काम मिळतंय. तुझ्याकडं काय हाय? जे हाय ते डोस्क्यात हाय. तेबी वाटून मोकळा झालास, तर उद्या तुला कशाला इचारतील?"

अव्वा तव्यावरनं न बघताच म्हणाली, "तुमी सगळं डोस्क्यात ठिवला, म्हणून तर मालकानं सोडला न्हाय, अन् माज्या भावाच्या लग्नाला हळद उतरल्यावर पोचला." तुम्ही मोडलेली भाकरी खायला लागला. पण मला तुमचंच पटलं. बारा दिवसांत कारकून तो तक्ता माझ्यापेक्षा फास्ट चालवायला लागला होता.

मग गुरगावला मी तेच केलं. प्रोग्रॅम लिहायच्या चांगल्या सवयी असतात, अप्पा, त्या मला आता माहीत आहेत. वस्तूला तिचं खरं नाव द्यायचं. एखादी गोष्ट अशी का केली ते तिथंच एका ओळीत लिहून ठेवायचं. एकच हिशेब पाच जागी डकवायचा नाही, एका जागी ठेवायचा. चालू कामात थेट हात घालायचा नाही, आधी बाजूला करून बघायचं, आणि दुसऱ्याच्या डोळ्याखालनं घालायचं. मी ह्यातलं काहीच केलं नाही. सुरुवातीला माहीत नव्हतं म्हणून, आणि माहीत झाल्यावर मुद्दाम. माझ्या प्रोग्रॅमच्या भागांना आपल्या गावांची नावं. परत आलेला माल जिथं वळतो त्या भागाचं नाव मंद्रूप. जिथनं निघतो ते वळसंग. मध्येच कुठंतरी नुसता एक आकडा, सात किंवा तेरा, आणि तो का आहे ते कुठंही लिहिलेलं नाही. तुमची भोकं आणि खाचा. दिल्लीकडच्या माणसाला जन्मात कळलं नसतं. वर्षातनं दोनदा कुणीतरी हुशार इंजिनियर त्यात हात घालायचा, सगळं अडकायचं, मग मला बोलावणं यायचं. मी यायचो, बघायचो, दोन आकडे बदलायचो, चालू व्हायचं. मॅनेजर पाठीवर थाप मारायचा, "भाई, तू गया तो सिस्टम गया." मी हसायचो. रिक्षातल्या तुमच्यासारखाच.

मग अव्वाला त्रास सुरू झाला आणि मी सुट्टी मागितली. मॅनेजर तेच वाक्य म्हणाला. थाप मारली नाही. मला वाटलं, बघू पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यातही तेच. तिकडं अव्वाचा हट्ट, "तू आल्याबिगर म्या टेबलावर झोपणार न्हाय." बहीण फोनवर रडायची आणि मग रागवायची. मी जागेवर बसून माझीच गावांची नावं वाचत राहायचो. बाहेर जायला एकही वाट मी ठेवली नव्हती. दार मीच आतनं लिंपून घेतलं होतं आणि वर लोकांनी शाबासकी दिली होती.

तेव्हा तुमचा शेवटचा उन्हाळा रोज डोक्यात यायचा. छातीत भरून येतंय म्हणत होता. तपासण्या करा म्हणून डॉक्टरनं चिठ्ठी दिली. "शाळा सुरू झाल्यावर बगू, आता मालक सोडत न्हाय," असं म्हणून ती तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवली. मे महिन्यात टेबलाजवळच बसला तो बसलाच. दिवसकार्य व्हायच्या आत मालकानं फर्म्यांचा सगळा गठ्ठा माझ्यापुढं आणून टाकला, "तुझ्या बापाचं आहे, तूच वाच." मी वाचू शकलो नाही, अप्पा. पोटचा पोरगा असून एका बाहीची मार्जिन मला सांगता आली नाही. आठवड्यात नवा मास्टर आला, त्यानं आपले फर्मे कापले, त्यावर मोठ्या अक्षरात शाळेची नावं लिहिली आणि काम चालू झालं. एका आठवड्यात. तुमचे फर्मे रद्दीत गेले. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि धडा उलटाच घेतला. मला वाटलं, तुमची चूक एवढीच की पुठ्ठ्यावर खाचा तरी ठेवल्या.

सहा महिन्यांपूर्वी आमच्यात एक नागपूरची पोरगी लागली. कामाला लई स्वच्छ. काहीही बदललं की खाली एक ओळ लिहिते, का बदललं. स्वतःचा प्रोग्रॅम आधी स्वतःच मोडून बघते. तुम्ही ढीग कापायच्या आधी एक शर्ट शिवून अंगाला लावून बघायचा ना, तसं. ती सवयही मला तुम्हीच दाखवली होती, आणि ती मात्र मी उचलली नाही. एक दिवस ती खुर्ची ओढून माझ्याजवळ आली.

"दादा, हे मंद्रूप काय आहे ना? मी शोधलं तर गाव निघालं. बाजार भरते म्हणे तिथे."

"आमच्याकडचं आहे."

"अहो पण प्रोग्रॅममध्ये काय करून राहिलं ते?"

मी टेबलावरचा फोन उलटा ठेवला. तिनं माझ्या फोनवर बहिणीचे चुकलेले कॉल आणि अव्वाच्या ऑपरेशनचे मेसेज बघितले असावेत. म्हणाली, "मला सांगा तुम्ही सगळं. मी बघते. आई आहे बाप्पा तुमची."

तीन आठवडे सांगितलं. रोज दुपारी ती विचारायची आणि मी एकेक उलगडायचो, ती नावं बदलायची, प्रत्येक आकड्याखाली कारण लिहायची. मंद्रूप पुसलं गेलं तेव्हा मी डबा धुवायला उठलो. काही आकड्यांची कारणं मलाच आठवेनात, ती हसली, "दादा, तुम्ही तर स्वतःलाच कोंडून घेतलं." शेवटी ती मॅनेजरकडं गेली आणि "मला जमेल" म्हणाली. त्यानं माझ्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. "हाँ तो जाओ ना." आठ महिने जे अडलं होतं ते एवढ्यात सुटलं. मी जिना उतरलो तेव्हा हलकं वाटायला पाहिजे होतं. खाली जाऊन आधी फोन बघितला, कुणी परत बोलावलंय का.

आता जे सांगायला बसलोय ते. एक जागा मी तिला सांगितली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक गोदाम मोजणीसाठी बंद असतं. तेव्हा परत येणारा माल दुसरीकडं वळवावा लागतो, आणि ते मी दर महिन्याला गुपचूप हातानं करतो. कुठं लिहिलेलं नाही. तिनं विचारलं होतं, "अजून काही राहिलं का?" मी तिच्या डोळ्यात बघून नाही म्हणालो. उद्या महिन्याचा शेवटचा दिवस आहे. सांगितलं नाही तर गाड्या बंद दारापुढं जाऊन उभ्या राहतील, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांपुढं बोलणी खाईल ती पोरगी. जिनं माझ्या आईसाठी स्वतःहून मान पुढं केली, तीच.

एक ओळ पाठवली की झालं. ती ओळ मी काल लिहिली, पुसली, आज सकाळी परत लिहिली. ती फोनमध्ये तशीच आहे. आल्यापासून चार दिवस तिकडनं मला एकदाही कुणी फोन केलेला नाही. आत अव्वा मला हाक मारतेय, नर्सबाईही म्हणाली, "जा की आत, बोलावत्यात." मी एवढं लिहून उठतो. पण खरं सांगतो अप्पा, अव्वाच्या उशाशी बसून गेले दोन दिवस मी फोनकडंच बघतोय, आणि तो उद्या वाजावा असं मला वाटतंय.