पेटीच्या पोटाचे माप

मी, कांता बापूजी निमगडे, वय चौसष्ट, धंदा साउंडच्या पेट्या बनवणे, राहणार चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करते. तब्येत उत्तम आहे. कोणी लगेच रडायला बसू नये.

१. पेट्यांचा कारखाना, म्हणजे टिनाचे शेड, कटर, ड्रिल आणि उरलेली प्लाय, माझी मुलगी रोशनी हिला मिळावा. एवढे वाक्य लिहायला मला दोन वर्षे लागली. नातेवाईक म्हणत, "पोरीले कारखाना देशील, त पोराले काय देशील?" मुलगा कुलदीप माजरीला कोळसा खाणीत नोकरीला आहे. हा विषय निघाला की तो खाणीच्याच गोष्टी काढे. माझ्यामागे भावाबहिणीचे बोलणे बंद होईल, या भीतीने माझी झोप उडाली होती.

२. कारणही लिहून ठेवते. रोशनी पेटीचे माप आतून घेते. कुलदीप बाहेरून घेई आणि दोन्ही बाजूंची प्लायची जाडी वजा करायचे विसरे. स्पीकरचा चुंबक, आधाराच्या पट्ट्या, हवेची नळी हे सगळे पेटीच्या पोटातच बसते, म्हणून तेवढी जागा आधीच वाढवून धरावी लागते. त्याला हे कळते, पण धीर नाही. पोरगा सोन्यासारखा आहे, पेटीसाठी नाही एवढेच.

३. लोखंडी पायली रोशनीलाच. तिरक्या पेटीचे गणित जमले नाही की आम्ही तिच्यात पायलीने धान भरून मोजतो. पायली किती लिटरची, ते बुडावर कोरले आहे. माप सपाट घ्यावे. माझ्या सासूबाई, कालकथित ठमाबाई, माझा नवरा हयात असताना एकदा मदतीला बसल्या आणि प्रत्येक पायली शिगोशीग भरून ओतली. "आपल्याच पोराच्या धंद्यात हात काऊन आखडू?" म्हणाल्या. त्यामुळे मोजणीत पायल्या कमी आल्या, आम्हाला पेटी लहान वाटली, म्हणून आम्ही ती आणखी मोठी केली. नाटकात ती लावली, तर नायिका धानाच्या ढोलीत बसून रडते आहे असे वाटे.

४. "बाईच्या हातची पेटी अशीच वाजते" असे तेव्हा म्हणणाऱ्या मंडपवाल्याचा साउंड मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लावू नये. त्याला जेवायला मात्र बोलवावे. त्रिसरणाची वंदना रोशनीच्या पेटीवर लावावी, बेताच्या आवाजात.

५. राहते घर दोघांना निम्मे-निम्मे, असे या कलमात होते. परवा कुलदीप आला, त्याने सगळे वाचले. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले होते. तेही मी त्याला सांगितले.

"मंग माह्या नावाचं काट," तो म्हणाला. "घर बी रोशनीलेच दे अन मले साक्षीदार कर. उद्या कोणी म्हणन भाऊ नाराज होता, त त्याले माही सही दाखवता येते."

"अरे, तुले त काईच नाई राहत."

"मले खाणीचं क्वार्टर हाय. अन गावात यायले बहिणीचं घर राह्यते ना."

मी पोटभर रडले, मग पोटभर जेवले आणि सकाळपर्यंत गाढ झोपले. सबब घरही रोशनीचे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. खाडाखोड एकच आहे आणि ती मला मान्य आहे.

स्थळ: चामोर्शी
दिनांक: १८ जानेवारी २०२५

सही: कांता बापूजी निमगडे

साक्षीदार:
१. सरिता रामटेके, शेजारीण
२. कुलदीप बापूजी निमगडे, रोशनीचा भाऊ