सुनंदाच्या मुठीतला फोन

शनिवार संध्याकाळ, हुमनाबाद

चर्चच्या विद्यार्थी शिबिरात आज गिटारवर गाणी मी घेतली. सुरू करायच्या आधी हुलसूरची सुनंदा जवळ आली. "अक्का, आई कलबुर्गीच्या दवाखान्यात हाय. मामाच्या फोनची वाट बघायलेय." मी काही बोलणार तोवर पास्टर अण्णांनी गाणं सुरू करायची खूण केली.

शेवटच्या गाण्यात तिच्या मुठीतला फोन उजळला. तिनं मेसेज वाचला न् ती हमसून हमसून रडायला लागली. शेजारच्या पोरींना वाटलं, तिला पवित्र आत्म्यानं स्पर्श केला. हालेलुया म्हणत त्यांनी हात वर केले, मग त्याही रडायल्या. अण्णांनी बोट फिरवलं, म्हणजे तेच कडवं पुन्हा. मी घेतलं. कामून घेतलं? गिटार खाली ठेवायला काय झालं होतं मला?

नंतर तिला जवळ घेतलं. मेसेज मामाचा होता: आई शुद्धीवर न्हाई, उद्या दुपारी तो तिला न्यायला येणार. "अक्का, ते गाणं परत नका घेऊ."

अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी तिच्या आईसाठी मनापासून प्रार्थना केली, मग म्हणाले, "सकाळी त्याच गाण्यानं सुरू कर. पोरं किती हेलावली, बघितलीस न्हाई?"

मी व्हय म्हणाले.

आता जेवणाच्या पंगतीत सगळी पोरं तेच गुणगुणायलेत. सुनंदा ताटापुढं बसलीय, मुठीत फोन. आणि माझ्याही तोंडात तेच गाणं, थांबतच न्हाई.