साडेतीन सेकंदांचं भुयार

५ जानेवारी, रविवार
चॅनेल सुरू केलं. नाव ‘इतिहास, रामलिंगसोबत’. मोबाईलची कव्हरं विकण्यात सगळा जन्म घालवायचा नाही, हे आज नक्की झालं. मोठमोठ्या इतिहासतज्ज्ञांना बोलतं करायचं, तेही चहाच्या टपरीवरच्या माणसाला कळेल अशा भाषेत. तनुजा म्हणाली, आधी तुम्हाला तर कळू द्या. बायकोला व्हिजन नाही.
संकल्प: रोज इतिहासाची दहा पानं.

८ जानेवारी
पानं: शून्य. दुकानात गिऱ्हाईक लई. पण माईक आला. कॉलरला लावून आरशात पाहिलं. चेहऱ्यावर अभ्यास दिसतो.

१२ जानेवारी, रविवार
लातूरहून नांदेडला जाऊन सालेहा मॅडमना भेटलो. वय एकाहत्तर. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. निजामाच्या काळातले उर्दू-फारसी कागद आपण पेपर वाचावा तसे वाचतात. मला बेटा म्हणाल्या. एकच अट: मुलाखत बारवेवर. औशाजवळ एका शेतात पायऱ्यांची जुनी विहीर आहे, तिच्यावर त्यांचं काम चालू आहे. मी म्हणालो, लोकेशन भारी. त्या म्हणाल्या, तुम्ही काही वाचून येणार का? म्हणालो, वाचून राहिलोय.

१९ जानेवारी, रविवार
शूटिंग झालं. शेत शिवकांताबाईंचं. हरभरा घाट्यावर आलेला. बाईंनी दोनदा चहा दिला, मॅडमसाठी गोधडी आणून पायरीवर अंथरली. मॅडम अडीच तास बोलल्या. मी बॅटरी पाहून राहिलो होतो. मधून मधून ‘वा’ म्हणालो. एका ठिकाणी त्यांचा आवाज भरून आला, नेमका तेव्हा मी कार्ड बदलत होतो. एवढं चालतं.

२३ जानेवारी
व्हिडिओ टाकला. खाली मॅडमचा नंबर दिला, अधिक माहितीसाठी. त्यांचा मान म्हणून.
व्ह्यूज: एकोणीस. त्यातले सात माझे.
एडिट करताना पहिल्यांदा नीट ऐकलं. बारवेच्या तिसऱ्या टप्प्यावर दगडी तोंडाचं एक भोक आहे. ती मोरी. शेतातलं पाणी गाळून विहिरीत घ्यायची. शंभरेक वर्षांपूर्वी ती बुजली, तेव्हा गावातल्या सात बायकांनी तालुक्याला अर्ज करून ती मोकळी करून घेतली. अर्जाखाली सात अंगठे. तो कागद सापडायला मॅडमना नऊ वर्षं लागली. चांगलं आहे. पण पब्लिकला यात काय मिळणार?

२५ जानेवारी
उपाय सापडला. मॅडम एका जागी म्हणतात: लोक म्हणतात, इथून औशाच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे, आत सोनं आहे. हे सगळं खोटं आहे. मी सुरुवातीचं ‘लोक म्हणतात’ काढलं आणि शेवटचं ‘हे सगळं खोटं आहे’ काढलं. उरली साडेतीन सेकंदांची रील, ती टाकली. एकही शब्द माझा नाही. सगळे मॅडमचेच, फक्त कमी.

२७ जानेवारी
दोन लाख चाळीस हजार! देगलूरहून एकाचा मेसेज: सर, तुमच्यामुळं इतिहास कळला. तनुजाला दाखवला. तिनं रील दोनदा पाहिली आणि विचारलं, मॅडम असं खरंच म्हणाल्या? मी म्हणालो, तोंड त्यांचंच आहे ना. ती भाजी चिरायला गेली.

२९ जानेवारी, दुपारी १२
मॅडमचा फोन. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, बेटा, माझं ‘खोटं आहे’ कुठं गेलं?
दोन दिवसांत त्यांना दीडशे फोन आले. कुणी सोन्याचा नकाशा मागतं, कुणी घाण बोलतं. एकानं विचारलं, तुमच्या लोकांनीच पुरलं असेल ना? त्यांचे जुने विद्यार्थी विचारतात, मॅडम, तुम्ही असं कसं बोललात? तीस वर्षांत कुणी असं विचारलं न्हाई, म्हणाल्या.
मी म्हणालो, एडिटरची चूक. अजहर नावाचा आहे. त्याला आजच कामावरून काढून टाकतो.
माझ्याकडे एडिटर नाही.
मॅडम घाईनं म्हणाल्या, न्हाई न्हाई, काढू नका. लेकरंबाळं असतील. मी म्हणालो, दोन आहेत. हे दोन कशाला म्हणालो, माहीत नाही.

३० जानेवारी
रील डिलीट केली. मोकळं वाटलं. संध्याकाळपर्यंत तीच रील सहा चॅनेलवर दिसली. एकानं मागं गाणं लावलंय.

३१ जानेवारी
शिवकांताबाईंनी कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला. भाऊ, तुम्ही भुयार दावलं अन् माझा हरभरा तुडवला की ओ. काल गाड्या घेऊन माणसं आली. पहारी घातल्या. मोरीचं तोंड फोडलं. आत हातभर गेल्यावर नुसता गाळ. आता पाऊस पडला तर विहिरीत पाणी कुठून यायचं?
मी म्हणालो, बघतो. काय बघतो?

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७
ठरलं. औशाला जायचं. मॅडमही तिथंच येणार आहेत. सगळं कबूल करायचं. यापुढे भेटेल त्या माणसाला खरं सांगायचं, न विचारता. तनुजा म्हणाली, मी येऊ का? म्हणालो, नको. एकट्यानं करायचं काम आहे.

त्याच दिवशी, दुपार, औसा बस स्टँड
मॅडम तिसऱ्या टप्प्यावर बसून फुटलेल्या दगडाचे तुकडे पदरात गोळा करत होत्या. शिवकांताबाईंनी त्यांचा दंड धरला होता. मला पाहून मॅडमनी पहिलं हेच विचारलं: त्या अजहरला काढलं तर न्हाई ना?
म्हणालो, मॅडम, अजहर कुणी नाही. मीच कापलं.
मॅडम म्हणाल्या, चला, एका गरिबाची नोकरी तर वाचली. हसल्या नाहीत. पदरातले तुकडे माझ्या ओंजळीत दिले आणि म्हणाल्या, हे वर न्या, माझे गुडघे दुखतात.
तासभर तुकडे वाहिले. शिवकांताबाईंनी विचारलं, मॅडम, त्या दिवशी या मोरीचं तुम्ही काय सांगत होता? मॅडम म्हणाल्या, हे सांगतील, मुलाखत यांनी घेतली. मी मोरीचं सांगितलं, सात बायकांचं सांगितलं. बाई खाली बसल्या. म्हणाल्या, आमच्या गावच्या? नावं काय होती त्यांची?
मला एकही येत नव्हतं. मॅडमनी डोळे मिटून सातही सांगितली. पहिलं गुरम्मा. शिवकांताबाई प्रत्येक नाव त्यांच्या मागून म्हणत होत्या.
दगड बसवायला गवंडी मी आणणार. मॅडमनी माफ केलं का, विचारायची हिंमत झाली नाही. पण खरं बोललो. हलकं वाटतंय. माणूस बदलू शकतो.

संध्याकाळी ६:१०, लातूर
बसमध्ये शेजारी धर्माबादचा एक धान्याचा व्यापारी बसला होता. त्यानं मोबाईल पुढं केला. म्हणाला, हे पाहिलं का? औशाजवळच हाय म्हणं. बाई लई शिकलेली दिसते, ती कशाला खोटं बोलेल?
लातूर अजून अर्धा तास लांब होतं. सांगायला भरपूर वेळ होता.
मी म्हणालो, हाव, पाहिलंय.
त्यानं विचारलं, जाऊन आले का?
म्हणालो, न्हाई.
बोटांना बारवेच्या दगडाचा भुगा लागलेला होता. हात मांडीखाली घेतले आणि लातूर येईपर्यंत तसाच बसलो.